झाडाचं मीठ

लवू परब जिन्यात कोसळला तेव्हा सगळ्यांना वाटलं, त्याला गोळी लागली.

दिवसच तसे होते. छप्पन सालचा जानेवारी. मुंबई महाराष्ट्राला मिळायची नाही हे रेडिओवर सांगितलं गेलं आणि लालबाग-परळ पेटलं. नाक्यावर दगड, अश्रुधूर, आणि मधूनच गोळीबार. दाभोळकर चाळीतले गडी जीव घेऊन जिना चढत होते. त्यांच्यातला लवू दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तोंडघशी पडला. कुशाबानं त्याला काखेत धरून ओढत शेवंतीच्या खोलीत आणलं. तिची खोली जिन्याला लागून होती, शिवाय लवू आणि कुशाबा दोघंही तिच्याच खानावळीत जेवायचे.

शेवंतीनं लवूचा सदरा टराटरा फाडला. छाती पाहिली, पाठ पाहिली, मांड्या चाचपल्या. रक्ताचा टिपूस नाही. आणि माणूस तर डोळे पांढरे करून पडलेला.

डॉक्टर मानकर त्या दिवशी चाळीचाळींतून जखमी बघत हिंडत होते. मूळचे गिरगावातले पाठारे प्रभू, वाडवडील वकिलीतले, पण ह्यांनी लालबागच्या नाक्यावर दवाखाना मांडला होता. ते आले, त्यांनी लवूच्या दंडाला पट्टा बांधून पारा चढवला, आणि बराच वेळ त्या पाऱ्याकडेच बघत राहिले.

"ह्याला गोळीबिळी काही लागलेली नाही," ते म्हणाले. "रक्तदाब आहे. दोनशे वीस. आजचा नव्हे हा, कित्येक वर्षांचा असणार. ह्याच्या घरचं कोण आहे इथे?"

लवूचं घर मालवणाकडे, बायको मालन तिकडे, म्हातारी आई तिकडे. इथे गिरणीत साच्यावर काम, कुशाबाच्या खोलीत रात्रीपुरती पथारी आणि शेवंतीकडे दोन वेळचं जेवण.

"जेवतो कुणाकडे?"

"माझ्याकडे," शेवंती म्हणाली.

"मग तुम्हीच ऐका. मीठ बंद. अजिबात बंद."

मालवणी माणसाला मीठ बंद म्हणजे काय हे डॉक्टरांना ठाऊक होतं की नाही कोण जाणे. सकाळच्या पेजेसोबत सुका बांगडा, दुपारी सुकटीची चटणी, पानाच्या कडेला आंब्याचं लोणचं. ह्यातलं एकेक गेलं. शेवंतीनं लवूसाठी वेगळं पातेलं घेतलं. पहिले आठ दिवस तिनं स्वतः त्याच पातेल्यातलं खाल्लं. आपल्या घशाखाली जे उतरत नाही ते दुसऱ्याला कसं वाढायचं? मग तिला हळूहळू वाट सापडली. आमसूल जास्त घालायचं, तिरफळ ठेचून टाकायचं, ओलं खोबरं भाजून घ्यायचं, लिंबू पिळायचं. तरी पंगतीला बसलेले बाकीचे गडी थट्टा करायचेच.

"लवू, तुझ्या आमटीत वयनीन बोट बुडवल्यान तर ती खारट होईत रे!"

लवू हसायचा नाही, चिडायचाही नाही. मान खाली घालून जेवायचा आणि उठताना म्हणायचा, "बरा झाला हा, वयनी."

शेवंतीचा नवरा लवूच्याच वाडीतला. तो क्षयानं गेला तेव्हा लवूनंच खांदा दिला होता, आणि चार गडी गोळा करून 'वयनीकडे जेवूक येवा' म्हणून तिची खानावळ उभी केली होती. त्या गोष्टीला नऊ वर्षं झाली होती. तो तिला वयनी म्हणायचा, ती त्याला भावजी म्हणायची, आणि ह्यापलीकडे दोघांत कधी काही बोलणं झालेलं नव्हतं. कधी होण्यातलंही नव्हतं.

मिठाबरोबर सर्पगंधेच्या गोळ्याही सुरू झाल्या. त्यांनी पारा थोडा उतरला, पण माणूसही उतरला. लवू सुट्टीच्या दिवशी गॅलरीत बसला की तिथेच बसून राही. कुशाबा त्याला सभेला ओढून नेई, तर हा शिवाजी पार्कच्या कडेला उकिडवा बसून राही. सत्तावन्नच्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीचा उमेदवार निवडून आला म्हणून अख्खी चाळ गुलालानं माखली; लवूच्या कपाळावर कोणीतरी बोट ओढलं तेवढंच. डॉक्टर म्हणाले, "ह्या गोळीनं मन खचतं कधीकधी. पण दुसरं आहे काय माझ्याकडे?"

दुसरं आलं ते अठ्ठावन्नच्या दिवाळीनंतर. ह्या वेळी डॉक्टरांनी निरोप पाठवून शेवंतीला बोलावून घेतलं. लवू बाकावर बसला होता, ती दाराशी उभी राहिली.

"बाई, नीट ऐका. विलायतेहून नवी गोळी आलीय. ती अंगातलं मीठ लघवीवाटे काढून टाकते. पण तिच्यात एक खोड आहे. शरीरात आणखी एक क्षार असतो, पोटॅशियम. ही गोळी तोही वाहून नेते. आणि तो तर आपल्याला हवा. तो असला की रक्ताच्या नळ्या सैल पडतात, मीठ बाहेर जातं, दाब उतरतो. तो कमी पडला तर माणूस गळून जातो."

"तो खय मिळता? बाटलीत?"

"झाडावर," डॉक्टर हसले. "केळ्यात, पालेभाजीत, आणि शहाळ्याच्या पाण्यात तर भरपूर. रोज एक शहाळं द्या ह्याला."

घरी येताना शेवंती लवूला म्हणाली, "म्हणजे मीठ दोन तऱ्हेचा. एक दर्याचा, एक झाडाचा. दर्याचा वायट आणि झाडाचा बरा."

"तसाच कायतरी," लवू म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून तिचा नेम सुरू झाला. पहिल्या पाळीची पंगत उठली, भांडी झाली, की ऐन दुपारी ती पदर डोक्यावर घेऊन परळच्या हॉस्पिटलाच्या फाटकापर्यंत चालत जायची. शहाळेवाले तिथेच बसायचे. चाळीजवळ एक होता, पण त्याची शहाळी जून असायची. ती एकेक उचलून कानाशी हलवायची, देठ बघायची, वाजवायची. कोयत्यानं डोकं छाटून न घेता अख्खं शहाळं कडेवर घेऊन यायची, आणि लवू पाळीवरून आला की त्याच्यासमोर विळीच्या टोकानं भोक पाडून द्यायची.

पहिल्या दिवशी लवूनं ते दोन्ही हातांत धरलं आणि नुसता बघत राहिला.

"पिवा ना," ती म्हणाली.

"वयनी, तुमी उन्हातून गेलात?"

"मगे काय चांदण्यात जावचा?"

तो प्याला. गळ्याची घाटी वरखाली होताना ती बघत होती. दीड महिन्यानं पारा एकशे साठावर आला. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा पट्टा बांधून पाहिला. "बाई, अर्धं श्रेय तुमचं," ते म्हणाले, आणि शेवंतीला आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी शाळेत पहिला नंबर दिल्यासारखं वाटलं. सर्पगंधेची गोळी निम्मी झाली. लवूचा चेहरा उघडला. तो पंगतीत बोलू लागला, मोर्च्यात पुढे चालू लागला. एकदा तर घसा बसेपर्यंत घोषणा देऊन आला आणि खुणेनंच भात मागू लागला. एकोणसाठचा तो उन्हाळा म्हणजे खानावळीतले सगळ्यांत बरे दिवस.

गणपतीला गावी जाऊन लवू परतला तो चेहऱ्यावर सूज घेऊन. सकाळी डोळे उघडत नसत. पंगतीत भाताचा वास आला की तोंड फिरवी. अंगाला खाज सुटे, दम लागे. दिवाळी झाली तशी शेवंती म्हणाली, "चला, मी येतंय डॉक्टराकडे." तो म्हणाला, "नको, कुशाबा येता." दोघं गेले, संध्याकाळी परत आले.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"चालूच ठेव म्हणाले."

"शहाळा?"

लवूनं कुशाबाकडे पाहिलं नाही. शेवंतीकडे पाहिलं. "ता पण," तो म्हणाला.

कुशाबा जिन्याकडे निघून गेला. शेवंतीला ते तेव्हा वावगं वाटलं नाही.

हिवाळा सरला. लवू कामावर जाई, दोन दिवस जाई, तीन दिवस पडून राही. सूज उतरे, पुन्हा चढे. साठ साल उजाडलं. मुंबईसह महाराष्ट्र होणार हे आता पक्कं झालं होतं, नाक्यानाक्यावर पेढे वाटले जात होते. लवूनं पेढा हातात घेतला आणि शेवंतीला देऊन टाकला. तोंडाला कशाचीच चव नाही म्हणाला. चवीनं एकच गोष्ट घ्यायचा, दुपारचं शहाळं. तेवढ्यासाठी उठून बसायचा.

मार्चात त्याचे पाय जड झाले. "वयनी, पाय माझे न्हयतच वाटतत," तो म्हणाला. "कोणीतरी दुसऱ्याचे आणून जोडलेहत तसे." शेवंतीला डॉक्टरांचे शब्द आठवले: कमी पडला तर माणूस गळून जातो. तिनं मनाशी हिशेब केला आणि दोन शहाळी आणायला लागली. एक दुपारी, एक संध्याकाळी.

पाचव्या दिवशी दुपारी दुसरी पंगत बसलेली असताना लवू भिंतीला टेकून बसला होता. शहाळं पिऊन झालं होतं. त्यानं तोंड पुसायला हात उचलला, तो अर्ध्यावरच राहिला आणि मांडीवर पडला. शेवंती भात वाढत होती. तिनं हाक मारली, पुन्हा मारली, मग भाताचं पातेलं तसंच टाकून अनवाणी दवाखान्याकडे धावली.

डॉक्टर आले तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी नळी कानातून काढली. उठताना त्यांच्या पायाला रिकामं शहाळं लागलं.

"हे कुणी आणलं?"

"मी."

"कुणासाठी?"

"भावजींसाठी. रोजचाच. आता चार दिवस दोन देय होतंय."

डॉक्टरांनी पंगतीवरून नजर फिरवली. गडी उष्टे हात वाळवत बसले होते. डॉक्टर शेवंतीला गॅलरीत घेऊन गेले.

"बाई, मी हे नोव्हेंबरात बंद केलं होतं. शहाळं, केळी, सगळं. पालेभाजीसुद्धा उकळून पाणी फेकून द्यायला सांगितलं होतं. त्याची मूत्रपिंडं निकामी झाली होती, रक्तदाबानंच खाल्ली ती. मूत्रपिंडं चालतात तोवर पोटॅशियम चांगलं. जास्तीचं बाहेर जातं. ती बंद पडली की ते रक्तात साठत जातं. आधी हातपाय जड करतं. मग हृदय थांबवतं."

शेवंतीला एक एक शब्द कळत होता आणि सगळं मिळून काहीच कळत नव्हतं.

"माका कोणी सांगितला नाय," ती म्हणाली.

"मी म्हटलं होतं, तुमच्या खानावळीच्या बाईंना घेऊन ये, त्यांना समजावतो. तो म्हणाला, त्या गावी गेल्यायत, मी सांगेन." डॉक्टर कठड्याला धरून उभे राहिले. "मी पुन्हा विचारायला हवं होतं. पन्नास रोगी दारात असतात... हे बघा, तसाही तो वर्षभरच काढणार होता. फार तर वर्ष. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

ते गेले. वर्षभर, शेवंतीच्या मनात आलं. म्हणजे पुढच्या होळीपर्यंत.

दहनाहून गडी परत आले तशी तिनं कुशाबाला दारातच अडवलं. "तुका म्हायत होता."

कुशाबानं मान खाली घातली. "तेना माका शपथ घातल्यान, वयनी. आईची."

"आणि तू गप रवलंस? रोज माझ्या हातचा जेवलंस आणि गप रवलंस?"

"तो म्हणालो, डॉक्टर दोन्ही बाजून मराण सांगतत. मीठ नाय, मासो नाय, आता पाणी पण मापून. मगे वयनी उन्हातून घेवन येता ता एक तरी कित्याक सोडू? माझ्यासाठी जन्मात कोणी उन्हातून काय आणल्यान नाय, म्हणालो." कुशाबानं उंबऱ्याकडे बघतच पुढे सांगितलं. "माका वाटला, शहाळाच तर पिता. पाणीच ता. तेना काय होतला?"

दुसऱ्या कोणा बाईला हे ऐकून रडू आलं असतं. शेवंतीला आला तो संताप. त्याला जे सोडवत नव्हतं ते त्यानं धरून ठेवलं. ठीक, त्याचा जीव, त्याची मर्जी. पण हात तिचा होता. भोक तिनं पाडलं होतं, दुसरं शहाळं तिनं आणलं होतं. त्यानं तिला एका शब्दानं विचारलं नव्हतं.

दोन दिवस तिनं कुशाबाला वाढलं नाही. तिसऱ्या दिवशी तो पाळीवरून आला आणि दाराबाहेर चपलांपाशी बसून राहिला. दुसरीकडे कुठे जेवायला गेलाच नव्हता बहुतेक. तिनं काही न बोलता ताट सरकवलं.

एप्रिलच्या अखेरीस मालन आली. बोटीनं भाऊच्या धक्क्यावर उतरली, सोबत तिचा भाऊ. लवूची पेटी न्यायला. नाक्यावर एक मेच्या कमानी उभ्या राहत होत्या, बांबू ठोकल्याचे आवाज खोलीपर्यंत येत होते. मालन बारीक चणीची, उन्हानं करपलेली. नुसत्या कपाळाची अजून सवय न झाल्यासारखा तिचा हात घडोघडी भुवयांकडे जाई. तिनं आमसुलांची पुडी शेवंतीपुढे ठेवली आणि वाकून तिच्या पायांना हात लावला.

"असा कित्याक करतास?" शेवंती मागे सरली.

"तेंनी पत्रात लिवल्यानी. वयनी माका रोज शहाळा देता, तेना माझा दुखणा उतारला." मालननं डोळ्यांना पदर लावला. "आमच्या दारात पाच माड आसत. पण मी तेंका एक शहाळा कधी काडून दिलंय नाय. ते महिनाभर येयत, नि मी आपली शेतात."

शेवंती तिच्यासमोर बसली. कोणालातरी हे सांगायलाच हवं होतं, आणि सांगायचं तर हिलाच. ती बोलू लागली. झाडाचं मीठ, मूत्रपिंडं, नोव्हेंबर, दोन शहाळी. काहीएक लपवलं नाही. "माझ्या हातानच गेले ते," ती शेवटी म्हणाली.

मालन ऐकत होती. मग तिनं शेवंतीच्या गुडघ्यावर हात ठेवला. "असा बोला नको. दुःखान माणूस कायव बोलता. शहाळ्यान खय कोण मरता, वयनी? देवाक घालतत ता."

"माका डॉक्टरांनी सांगितल्यानी!"

"डॉक्टर आपली चूक दुसऱ्यावर घालतले नायतर काय."

डॉक्टर म्हणत होते तसाही गेला असता, कुशाबा म्हणत होता त्याचीच इच्छा, आणि ज्या बाईनं तिच्या झिंज्या धरून गालफडं फोडायची, ती तिच्या गुडघ्यावरून हात फिरवत होती.

जेवताना मालन सहज म्हणाली, "आमच्या सासूबाईंचे पण पाय सुजतत. तेंचा पत्र वाचल्यार मी पण सुरू केलंय. रोज एक शहाळा. भाऊ चढता माडावर."

शेवंतीच्या हातातला डाव पातेल्यात पडला. "नको! मालन, पाय सुजतत तर शहाळा देव नको! आधी डॉक्टराक दाखव. लघवी होता काय बघ, रगत तपासून घे..."

"थय खयचो डॉक्टर?" मालन जराशी दुखावली. तिच्या भावानं ताटावरून वर पाहिलं. "तुमी माझ्या घोवाक वर्षभर दिलात ता बरा," मालन म्हणाली, "आणि मी माझ्या सासूक देवचा नाय?"

ह्यावर शेवंतीनं पुष्कळ सांगितलं, हात जोडले. जितकं सांगावं तितकी मालन आक्रसत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी भावानं पेटी डोक्यावर घेतली. मालननं जाताना नमस्कार केला, पण पायांना हात लावला नाही.

एक मे आला. दिव्यांनी लालबाग उजळलं, गडी नाचायला गेले. त्या संध्याकाळी शेवंतीनं कुशाबाला थांबवून घेतलं आणि पोस्टकार्ड पुढे टाकलं.

"लिव. म्हातारेचा शहाळा बंद करा."

"कारण काय लिवू?"

"लवूभावजी तेनाच गेले, असा लिव."

कुशाबानं पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. त्यानं लिहिलं. तिनं त्याच्याकडून तीनदा वाचून घेतलं, कारण त्याचा तिला भरवसा राहिला नव्हता. उत्तर आलं नाही. तिनं आणखी एक लिहवलं. मग पावसाळा लागला आणि बोटी बंद झाल्या.

श्रावणात मालनच्या भावाच्या हातचं कार्ड आलं. सासूबाई ज्येष्ठात वारल्या. झोपेतच गेल्या. वय झालं होतं, हाल झाले नाहीत, देवानं सोडवलं. बाकी सर्व क्षेम. भात लावून झाला.

"अजून काय?" शेवंतीनं विचारलं.

"इतक्याच," कुशाबा म्हणाला.

"शहाळ्याचा कायच नाय?"

"नाय."

तिनं कार्ड त्याच्या हातातून घेतलं. तिला वाचता येत नव्हतं. तरी ती पुढून, मागून, कडेच्या बारीक ओळींवरून बोट फिरवत बराच वेळ ते बघत राहिली. मग दुसऱ्या पाळीचे गडी जिना चढून वर आले आणि तिला उठून पानं मांडावी लागली.